रूटच्या सर्व्हिसमधून लॉग-इन केलेल्या यूजरच्या स्क्रीनवर नोटिफिकेशन कसं पोचवायचं?

सांजवात (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे मोजमापाचा डेटा साठवणारी काही सामायिक मशीन्स आहेत. डेबियन १२ (लिनक्स), बहुतेकांवर ग्नोम डेस्कटॉप आणि वेलँड (स्क्रीन हाताळणारी नवी व्यवस्था, जुनी ती एक्स-११), दोघं जण केडीई डेस्कटॉप वापरतात. एकाच मशीनवर वेगवेगळी माणसं लॉग-इन करतात. बऱ्याचदा एकाचं सेशन लॉक करून ठेवलेलं असतं आणि दुसरा समोर बसलेला असतो.

दर सहा तासांनी सिस्टिमडीचा (मशीनवरच्या सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर एक सर्व्हिस चालवतो, रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून. ती /सर्व्ह/डेटा या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेते. डिस्क भरली किंवा आरसिंक (प्रत घेणारा प्रोग्राम) मधेच थांबलं तर सर्व्हिस फेल होते आणि जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) कारणासकट सगळं लिहिलेलं असतं. पण जर्नल उघडून बघणार कोण? मेल पाठवायची सोय केली होती, ते मेल न उघडताच पडून राहतात. म्हणून जो कोणी मशीनसमोर बसलाय त्याच्या स्क्रीनवरच निरोप दिसावा असं मला हवंय.

स्क्रिप्टच्या शेवटी नोटिफाय-सेंड (नोटिफिकेशन पाठवणारी आज्ञा) घातलं. टर्मिनलमधून चालवलं की चौकोन येतो, सर्व्हिसमधून चालवलं की काहीच नाही. जर्नलमध्ये एरर अशी: एक्स-११ चा डिस्प्ले नसल्यामुळे डी-बस (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचा मार्ग) आपोआप सुरू करता येत नाही. जिथे बघावं तिथे डिस्प्ले=:० घालायला सांगितलंय, तेही घातलं, फरक शून्य. मग रनयूजर (दुसऱ्या यूजरच्या नावाने आज्ञा चालवणारं साधन) वापरून, त्या यूजरच्या बसचा पत्ता देऊन तीच आज्ञा चालवली. सूडोने हाताने चालवली तर उत्तम चालते, पण सर्व्हिसमधून गेली की 'परमिशन डिनाइड'. रूटला परमिशन नाही म्हणजे काय, हे मला कळेनासं झालंय.

सर्व्हिस फाइलमध्ये सुरक्षेच्या या ओळी आहेत: प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट, प्रोटेक्टहोम=येस, प्रायव्हेटटेम्प=येस, नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस. यांचा काही संबंध आहे का?

टिकटिक

घाई असेल तर 'वॉल' वापरा. रूटकडून एक ओळ, आणि लॉग-इनच्या यादीत नोंद असलेल्या टर्मिनलांवर निरोप जातो. केडीईमध्ये केराइटडी नावाचा एक छोटा डीमन असतो, तो वॉलचा निरोप पकडून नोटिफिकेशन म्हणून दाखवतो. ग्नोमवाल्यांना मात्र बहुधा काही दिसणार नाही, त्यामुळे तुमच्याकडे हे अर्धंच काम झालं. तोवर चालवून घ्यायला ठीक आहे.

ओसरी

सांजवात, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्यात. आधी त्या सोडवून वेगळ्या करू. सामायिक मशीन्स सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा गुंता भेटतो, आणि बहुतेक जण पहिलीचा उपाय दुसरीवर लावत बसतात.

पहिली अडचण बसची. नोटिफाय-सेंड स्वतः स्क्रीनवर काहीही काढत नाही. तो डी-बसवर एक निरोप टाकतो: ऑर्ग-डॉट-फ्रीडेस्कटॉप-डॉट-नोटिफिकेशन्स या नावाच्या सेवेची 'नोटिफाय' ही मेथड. चौकोन काढायचं काम त्या नावाचा मालक करतो. ग्नोममध्ये तो ग्नोम शेल, केडीईत प्लाझ्मा, साध्या विंडो मॅनेजरवर डन्स्ट नाहीतर माको. आणि मुख्य म्हणजे हा मालक सिस्टिम बसवर बसलेला नसतो. सिस्टिम बस मशीनला एकच, तिचं सॉकेट /रन/डीबस मध्ये. सेशन बस मात्र ज्याची त्याची. ज्याचा यूआयडी (यूजरचा क्रमांक) १०००, त्याची बस /रन/यूजर/१०००/बस. तुमची सर्व्हिस सिस्टिमच्या बाजूला उभी आहे आणि ऐकणारा यूजरच्या बाजूला. मधली भिंत मुद्दाम घातलेली आहे.

आता त्या डिस्प्लेच्या एररकडे बघा. बसचा पत्ता एन्व्हायर्नमेंटमध्ये सापडला नाही की लायब्ररी रनटाइम डिरेक्टरीत सॉकेट शोधते. तिथेही नसलं की शेवटचा उपाय म्हणून एक्स-११ च्या आधाराने बस सुरू करायला जाते. तेही जमलं नाही की ती ओळ छापते. ओळीत डिस्प्ले हा शब्द दिसला म्हणून लोक डिस्प्ले=:० घालतात, आणि ही पाककृती एकाकडून दुसऱ्याकडे तशीच जात राहते. खरी उणीव पत्त्याची आहे. डिस्प्ले घालून फार तर रूटसाठी भलतीच नवी बस उभी राहील, जिच्यावर तुमचा यूजर नाही. वेलँडवर तर या ओळीचा नोटिफिकेशनशी काडीचा संबंध उरत नाही. नोटिफाय-सेंडला स्क्रीन कुठली हे लागतच नाही, बस कुठली एवढंच लागतं.

पत्ता बरोबर दिला तरी रूट म्हणून जोडायला गेलात तर सेशन बस तुम्हाला आत घेत नाही. समोरचा कोण, हे ती कर्नलला विचारते, आणि यूआयडी स्वतःच्या मालकाचा नसेल तर नकार. म्हणून रनयूजर वापरलंत ते योग्यच. हाताने चालवल्यावर ते चाललं, म्हणजे पहिली अडचण तुम्ही सोडवलेली आहे.

दुसरी अडचण तुम्ही दिलेल्या चार ओळींत आहे. प्रोटेक्टहोम=येस म्हटलं की सिस्टिमडी त्या सर्व्हिसपुरते /होम आणि /रूट झाकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो /रन/यूजर सुद्धा झाकतो, हे मॅन्युअलमध्ये त्याच वाक्यात लिहिलेलं असूनही नजरेतून निसटतं. सर्व्हिसच्या आतून बघितलं तर /रन/यूजर च्या जागी एक रिकामी, कुणालाही परवानगी नसलेली डिरेक्टरी चढवलेली असते. रनयूजरने यूजर झालात, त्या डिरेक्टरीपाशी आलात, आणि तिथेच 'परमिशन डिनाइड'. बसपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत. टर्मिनलमधून सूडोने चालवताना ही झाकणं नसतात, म्हणून तिथे चालतं.

स्वतः बघायचं असेल तर त्या सर्व्हिसच्या एक्झेकस्टार्टच्या आधी एक्झेकस्टार्टप्री म्हणून /रन/यूजर वर 'एलएस -एलडी' घाला आणि जर्नलमध्ये काय येतं ते वाचा. परवानग्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसतील.

कळकळीची विनंती: प्रोटेक्टहोम काढू नका. ही सर्व्हिस रूट म्हणून चालते, तिला कुणाच्या होम फोल्डरची गरज नाही, तुम्ही तिच्याभोवती कुंपण घातलंत हे फार चांगलं केलंत. एका चौकोनासाठी ते पाडलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. निरोप्याचं काम दुसऱ्या युनिटकडे (सिस्टिमडी सांभाळतो ती प्रत्येक सर्व्हिस, टायमर वगैरे म्हणजे एक युनिट) द्या.

सिस्टिमडीत त्यासाठी ऑनफेल्युअर आहे. तुमच्या सर्व्हिसच्या युनिट विभागात ऑनफेल्युअर= लिहून पुढे एका टेम्प्लेट सर्व्हिसचं नाव द्या, समजा 'निरोप@', त्यापुढे टक्क्याचं चिन्ह आणि मोठा एन, मग .सर्व्हिस. मोठा एन म्हणजे शेवटचं .सर्व्हिस गाळलेलं युनिटचं नाव. छोटा एन घातलात तर .सर्व्हिस दोनदा येतं, चालतं तेही, पण वाचताना डोळ्यांना खुपतं. २५१ आवृत्तीपासून सिस्टिमडी या निरोप्या युनिटला मॉनिटर_युनिट, मॉनिटर_सर्व्हिस_रिझल्ट, मॉनिटर_एक्झिट_स्टेटस असे व्हेरिएबलही देतो. डेबियन १२ मध्ये २५२ आहे, म्हणजे तुम्हाला ते आयते मिळतील.

निरोप्याच्या स्क्रिप्टने आधी लॉगिनसीटीएल ला विचारायचं की कोणकोणती सेशन्स चालू आहेत. यादी जशीच्या तशी वापरू नका. प्रत्येक सेशनचा क्लास, टाइप आणि स्टेट बघा. क्लास 'यूजर' हवा, कारण लॉग-इनची स्क्रीन स्वतःही एक सेशन असते आणि तिचा क्लास 'ग्रीटर' असतो. टाइप 'वेलँड' किंवा 'एक्स-११' हवा, नाहीतर एसएसएचने आलेल्यालाही तुम्ही चौकोन दाखवायला जाल. स्टेट 'क्लोजिंग' असेल तर सोडून द्या. एकाच माणसाची दोन सेशन्स असतील तर यूआयडीवरून एकदाच मोजा, कारण त्याची बस एकच असते. फक्त /रन/यूजर मधली फोल्डर्स मोजून यादी करायची युक्तीही सुचवली जाते, ती टाळा: ज्यांचं लिंगर (लॉग-आउटनंतरही यूजरच्या सर्व्हिसेस चालू ठेवायची सोय) चालू आहे त्यांचं फोल्डर आणि बस दोन्ही ते लॉग-इन नसतानाही हजर असतात, समोर मात्र कुणी नसतं.

मग पाठवायला रनयूजर आहेच, पण त्याहून नीटस म्हणजे सिस्टिमडी-रन. त्याला --यूजर आणि --मशीन=अमुक@.होस्ट असं दिलं की आज्ञा त्या यूजरच्या स्वतःच्या मॅनेजरखाली, त्याच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये चालते. बसचा पत्ता हाताने जुळवावा लागत नाही. ही सोय २०२१ साली २४८ आवृत्तीत आली. यूजर लॉग-इन आहे याची खात्री मात्र आधी करून घ्या, कारण ही आज्ञा त्याच्या नावाने छोटंसं पॅम (लॉग-इन हाताळणारी व्यवस्था) सेशन उघडते.

एवढं केलंत तर तुमचं काम आज संध्याकाळपर्यंत होईल.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. सर्व्हिसने घरोघर जाऊन दारं वाजवायची की चौकात एकदा दवंडी द्यायची, हा प्रश्न लिनक्स डेस्कटॉपने फार पूर्वी सोडवलाय. लॅपटॉपची बॅटरी उतरली की येणारी सूचना आठवा. बॅटरीवर लक्ष ठेवणारा यूपॉवर हा सिस्टिम सर्व्हिस आहे. तो कुणाच्याही सेशनमध्ये डोकावत नाही. सिस्टिम बसवर एवढंच सांगतो की स्थिती बदलली. ते ऐकून चौकोन दाखवायचा, आवाज करायचा की गप्प बसायचं, हे प्रत्येक यूजरच्या सेशनमधला डेस्कटॉपचा भाग ठरवतो. नेटवर्कमॅनेजरचंही तसंच. मेमरी संपत आली की प्रोसेस मारणारा अर्लीऊम घ्या: त्याला -एन दिलं की तो सिस्टिम बसवर सिग्नल सोडतो, आणि सिस्टिमबस-नोटिफाय नावाचा छोटा प्रोग्राम यूजरच्या सेशनमध्ये बसून तो सिग्नल नोटिफिकेशनमध्ये बदलतो. डेबियनमध्ये दोन्ही पॅकेजेस आहेत, त्यांचा कोड लहान आहे, वाचण्यासारखा आहे.

काय घडलं हे सर्व्हिसने सांगावं. कुणाला, कधी, कसं दाखवायचं हे सेशनने ठरवावं. सर्व्हिसला यूजरची यादी, डेस्कटॉपचं नाव, भाषा, लॉक आहे का नाही, यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. आज दोन केडीईवाले आहेत, उद्या कुणी स्वे नावाचा विंडो मॅनेजर वापरेल. त्या दिवशी तुमच्या रूटच्या स्क्रिप्टला हात लावायची वेळ येऊ नये.

तुमच्या कामासाठी मी नुसता सिग्नलही पुरेसा मानत नाही. सिग्नल सुटला त्या क्षणी कुणी ऐकत नसेल तर तो गेला. पहाटे कॉपी फेल झाली आणि माणूस सकाळी लॉग-इन झाला, तर त्याला काय दिसणार? शिवाय सिस्टिम बसवर साधा सिग्नल कुठलाही यूजर सोडू शकतो, म्हणजे पाठवणारा खरंच तुमची सर्व्हिस आहे का हे तपासत बसावं लागतं. तुम्हाला हवीय ती अवस्था लिहिलेली फाइल, रूटशिवाय कुणी लिहू शकणार नाही अशा जागी.

सर्व्हिसमध्ये स्टेटडिरेक्टरी= लिहा. /व्हार/लिब खाली त्या नावाचं फोल्डर तयार होतं, प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट असतानाही सर्व्हिसला तिथे लिहिता येतं, आणि नेहमीच्या परवानग्यांनी बाकीच्यांना वाचता येतं. मग एक्झेकस्टॉपपोस्ट मध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा. सर्व्हिस पास झाली, फेल झाली, टाइमआउट झाली, काहीही झालं तरी ती चालते, आणि सर्व्हिस_रिझल्ट या व्हेरिएबलमध्ये निकाल तिच्या हातात असतो: सक्सेस, एक्झिट-कोड, टाइमआउट, सिग्नल, ऊम-किल वगैरे. निकाल आणि वेळ तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग एमव्हीने खऱ्या नावावर आणा, म्हणजे वाचणाऱ्याला अर्धवट फाइल कधीच दिसणार नाही.

यूजरच्या बाजूला /ईटीसी/सिस्टिमडी/यूजर मध्ये एक पाथ युनिट (फाइलवर नजर ठेवून सर्व्हिस सुरू करणारं) आणि त्याची सर्व्हिस. पाथ युनिटमध्ये पाथचेंज्ड= वापरा. पाथएक्झिस्ट्स= वापरलंत तर फाइल जागेवर असेपर्यंत सर्व्हिस संपली की लगेच पुन्हा सुरू होत राहील. दोन्ही युनिट्स ग्राफिकल-सेशन टार्गेटला (डेस्कटॉप सुरू झाल्याची सिस्टिमडीतली खूण) बांधा म्हणजे लॉग-इन होतानाही एकदा तपासणी होईल, आणि सिस्टिमसीटीएल --ग्लोबल एनेबल ने सगळ्या यूजरसाठी चालू करा. ग्नोम आणि डेबियन १२ मधला प्लाझ्मा ५.२७ हे टार्गेट स्वतःच उभं करतात. काही हलक्या विंडो मॅनेजरांवर ते उभं राहत नाही, तिथे एक्सडीजी ऑटोस्टार्टमध्ये एक डेस्कटॉप फाइल ठेवा.

या रचनेत नोटिफाय-सेंड अगदी साधेपणाने चालतं, कारण तो जिथे असायला हवा तिथेच असतो. रूट नाही, रनयूजर नाही, पत्ता नाही.

तिरकी_खिडकी

ओसरी यांनी म्हटलेली भिंत फक्त लिनक्सवर नाही, एवढं जोडतो. विंडोजवर व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेस सेशन ० मध्ये चालतात आणि माणसं सेशन १ पासून पुढे. त्याआधी पहिला लॉग-इन झालेला माणूस आणि सर्व्हिसेस एकाच सेशनमध्ये असायच्या, आणि साध्या यूजरचा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या सर्व्हिसच्या खिडकीला निरोप पाठवून तिच्याकडून हवं ते करून घ्यायचा. ते बंद करायला भिंत घातली. काही काळ सेशन ० मधली खिडकी दाखवायला एक तडजोडीची सर्व्हिस ठेवली होती, तीही विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत काढून टाकली. आता तिथेही हाच सल्ला मिळतो: यूजरच्या सेशनमध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवा आणि सर्व्हिसने त्याच्याशी बोलावं. नुसता एक संदेशाचा डबा दाखवायचा असेल तर डब्ल्यूटीएस-सेंडमेसेज आहे.

मॅकवर तर दोन्ही बाजूंना नावंच वेगळी आहेत: रूटचा तो लाँचडीमन, यूजरच्या सेशनमधला तो लाँचएजंट.

जपून_चाल

दोन गोष्टी पाठवण्याआधी बघा.

एक, नोटिफिकेशनचा मजकूर बऱ्याच डेस्कटॉपांवर साधा मजकूर नसतो. बॉडीमध्ये ठळक, तिरकं, लिंक असा थोडा मार्कअप चालतो. तुम्ही आरसिंकच्या एररची शेवटची ओळ जशीच्या तशी आत टाकणार असाल आणि त्यात फाइलचं नाव असेल, तर त्या नावातला 'अँड' किंवा कोनाचा कंस निरोप बिघडवतो. फाइलचं नाव कुणीही ठेवू शकतं, म्हणजे त्यात लिंकही लिहू शकतं, आणि ती लिंक तुमच्या विश्वासू सूचनेच्या आत दिसेल. ही चिन्हं एस्केप करा (म्हणजे ती साधी अक्षरं म्हणूनच दिसतील अशी बदला), नाहीतर एररची ओळ आत घालूच नका. 'प्रत झाली नाही, तपशील जर्नलमध्ये' एवढं पुरतं.

दोन, लॉक केलेली स्क्रीन. सेटिंगप्रमाणे सूचनेचा मजकूर लॉक स्क्रीनवरही दिसू शकतो. सामायिक मशीनवर प्रोजेक्टचं किंवा माणसाचं नाव असलेला पाथ तिथे झळकू नये.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. /रन/यूजर झाकलं जातं हे वाचल्यावर लगेच एलएस लावून पाहिलं, अगदी ओसरी म्हणतात तसं दिसलं. कोडं सुटल्याचा जो आनंद असतो तो झाला.

ऑनफेल्युअरचा रस्ता सोडून सरळ फाइल आणि पाथ युनिटवालाच घेतला. ग्नोमवर आणि केडीईवर एकच युनिट चालतंय, काही वेगळं करावं लागलं नाही. मजकुरातून एररची ओळ काढून टाकली.

आता दोन गोष्टी अडल्यात. डिस्क भरलेली राहिली तर दर सहा तासांनी नवा चौकोन येतो, कुणी दोन दिवस लॉग-इन राहिलं तर रांग लागते. अर्जन्सी क्रिटिकल ठेवलीय, म्हणून ते आपोआप जातही नाहीत. टाइमआउट देऊन पाहिला, ग्नोमवर फरक नाही. दुसरं जास्त काळजीचं: काल कुणीतरी दुसरी डिस्कच काढून ठेवली होती, आणि कुणालाच काही सूचना आली नाही. सर्व्हिसमध्ये मी कंडिशनपाथइजमाउंटपॉइंट= लिहिलंय, डिस्क जोडलेली नसताना कॉपी मुख्य डिस्कवरच होऊ नये म्हणून.

ओसरी

छान काम केलंत. रांगेचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

ग्नोम शेल टाइमआउट पाळत नाही, आणि क्रिटिकल सूचना माणसाने हाताने घालवेपर्यंत राहावी असंच स्पेसिफिकेशन सांगतं. म्हणून नवी सूचना न टाकता जुनीच बदला. नोटिफाय मेथडला 'रिप्लेसेस आयडी' असतो. नोटिफाय-सेंडला -पी दिलं की तो पाठवलेल्या सूचनेचा आकडा छापतो, तो ठेवून द्या, आणि पुढच्या वेळी -आर सोबत तोच आकडा द्या. आकडा ठेवायची जागा एक्सडीजी रनटाइम डिरेक्टरी, कारण तो आकडा त्या लॉग-इनपुरताच खरा असतो आणि माणूस पूर्ण लॉग-आउट झाला की ती डिरेक्टरीही जाते. कॉपी पुन्हा सुरळीत झाली की त्याच आकड्यावर साध्या अर्जन्सीची सूचना पाठवा: 'प्रत पुन्हा व्यवस्थित होत आहे'. हे विसरू नका. अडचण सुटल्यावरही लाल सूचना तशीच राहिली तर पुढची खरी सूचना लोक बघणार नाहीत.

आता डिस्क काढल्याचं. कंडिशन पूर्ण झाली नाही की सिस्टिमडी सर्व्हिस 'फेल' करत नाही, वगळतो. त्याच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. सर्व्हिस सुरूच झाली नाही, म्हणून एक्झेकस्टॉपपोस्ट चालत नाही. ऑनफेल्युअर असता तरी तो हलला नसता. जर्नलमध्ये 'कंडिशन जुळली नाही म्हणून वगळलं' अशी एक शांत ओळ असेल, बघा. माउंट तपासायचा तुमचा हेतू शंभर टक्के बरोबर आहे, फक्त तपासणी एक्झेकस्टार्टप्री मध्ये हलवा: माउंटपॉइंट -क्यू आणि डिस्कचा पाथ. ती फेल झाली तर सर्व्हिस रीतसर फेल होते, कॉपी होत नाही, आणि एक्झेकस्टॉपपोस्ट चालून फाइलमध्ये निकाल लिहिला जातो.

पण याच घटनेवरून मला तुमची फाइल बदलावीशी वाटते. सध्या तुम्ही तिच्यात 'फेल झालं' असं लिहिता आणि ते दिसलं की सूचना येते. म्हणजे सूचना यायला काहीतरी चालावं लागतं. उद्या कुणी टायमर डिसेबल केला, किंवा मशीन हलवताना टायमर चालू करायचा राहिला, तर लिहिणारंच कुणी नाही आणि सगळीकडे शांतता. प्रतींच्या बाबतीत हीच शांतता सगळ्यात महाग पडते. म्हणून फाइलमध्ये शेवटच्या यशाची वेळही ठेवा. सर्व्हिस_रिझल्ट 'सक्सेस' असेल तेव्हाच ती पुढे सरकवायची, बाकी कुठल्याही निकालाला जुनीच राहू द्यायची.

यूजरच्या बाजूला पाथ युनिट आहेच, तो 'आत्ता फेल झालं' हे लगेच सांगेल. त्याच्या जोडीला यूजरचाच एक टायमर ठेवा, दर तासाला तीच तपासणीची सर्व्हिस चालवणारा. पाथ युनिट फाइल बदलली तरच जागा होतो, आणि इथे तर फाइल बदलत नाहीये हीच अडचण आहे, म्हणून टायमर लागतो. तपासणी एका प्रश्नाची: शेवटचं यश आणि आत्ता यांत किती तास गेले? तुमचा फेरा सहा तासांचा आहे, तर बारा तासांपर्यंत गप्प, त्यापुढे साधी सूचना, चोवीस तास उलटले की क्रिटिकल. फाइलच सापडली नाही तर तीही क्रिटिकल समजा.

मजकुरात वेळ लिहा. 'प्रत झाली नाही' यापेक्षा 'शेवटची यशस्वी प्रत: मंगळवार, सकाळी ६' हे वाचून माणूस उठतो आणि डिस्क जोडतो.

सांजवात

तपासणी एक्झेकस्टार्टप्री मध्ये हलवली, डिस्क काढून चालवून पाहिलं, दोन्ही सेशन्सवर सूचना आली. डिस्क जोडून सर्व्हिस पुन्हा चालवली की तीच सूचना बदलून 'व्यवस्थित' झाली. शेवटच्या यशाची वेळ आणि तासाचा टायमर आता लिहायला घेतोय. टायमर डिसेबल करून तपासायला फाइलमधली वेळ हातानेच जुनी केली तर चालेल ना?

ओसरी

चालेल. रूट म्हणून वेळ दोन दिवस मागे करा, आणि सेव्ह झाल्यावर पाथ युनिटमुळे तपासणी लगेच होईल, तासभर थांबावं लागणार नाही. नंतर मात्र पाथ युनिट बंद करून एकदा फक्त टायमरच्या भरवशावरही बघा, कारण खऱ्या प्रसंगी तोच एकटा जागा असणार आहे. युनिट फाइल्स तयार झाल्या की इथे टाका, केडीईवाल्यांपैकी कुणाकडून तरी तिथला रिप्लेसेस आयडीही तपासून घेऊ.